गव्हाण आणि बाजारपेठ

(नाताळानिमित्त यवतमाळ येथे ख्रिस्ती बांधव आणि पक्षकार्यकर्ते यांच्या संयुक्त सभेत केलेल्या भाषणाचा संक्षेप)



नाताळाच्या सभेत बाहेरून आलेल्या पाहुण्याने काय बोलावे याचा एक साचा ठरून गेला आहे. सर्व धर्म सारखेच आहेत असे सांगावे, येशूला प्रेमाचा पुतळा म्हणावे, केक कापावा, छायाचित्र काढून घ्यावे आणि पुढच्या कार्यक्रमाला जावे. त्या साच्यात माझे म्हणणे बसणार नाही. मी ख्रिस्ती मंडळीचा सभासद नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले आणि समाजवादी चळवळीच्या कडेकडेने वावरलो. तरीही माझे मत असे आहे की, नाताळाच्या मध्यभागी ख्रिस्ती श्रद्धाच असली पाहिजे. ती तेथून हलली तर चर्चचे नुकसान आहेच. पण गोरगरिबांचे आणि पर्यायाने आपल्या चळवळीचेही नुकसान आहे.

आपल्या कार्यकर्त्यांपैकी पुष्कळांची अशी समजूत असते की, सणातून धर्म वजा केला म्हणजे बाकी निखळ माणुसकी उरते. वजाबाकीचे हे गणित कागदावर बरोबर दिसते. व्यवहारात मात्र ते चुकते. श्रद्धेने सोडलेली जागा रिकामी राहत नाही. तिचा ताबा घ्यायला बाजारपेठ टपलेलीच असते. गणेशोत्सवात आणि दिवाळीत हे आपण पाहतोच आहोत. नाताळाच्या बाबतीत ही प्रक्रिया पाश्चात्त्य देशांत शंभर वर्षांपूर्वीच पुरी झाली, म्हणून तिचा अभ्यास करणे सोपे आहे.

सांताक्लॉजचेच उदाहरण घ्या. याचा मूळ पुरुष संत निकोलस, चौथ्या शतकातील मायरा या गावचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला बिशप. त्याच्याविषयीची जुनी कथा अशी की, एका दरिद्री बापाला तीन मुली होत्या आणि हुंड्यापायी त्यांची लग्ने अडली होती. निकोलसने रात्रीच्या अंधारात, कोणाला कळू न देता, त्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. मुलीच्या लग्नासाठी सावकाराच्या ओसरीवर बसावे लागलेल्या यवतमाळच्या बापाला ही कथा समजावून सांगावी लागणार नाही. आता त्याच निकोलसचे पुढे काय झाले ते पाहा. १९३१ पासून कोकाकोला कंपनीच्या जाहिरातींसाठी हॅडन संडब्लॉम या चित्रकाराने तांबड्या पोशाखातला, गुबगुबीत, हसरा सांता रंगविला आणि जाहिरातींच्या बळावर तो जगभर गेला. गुप्तपणे देणारा संत जाऊन विकायला लावणारा विक्रेता त्याच्या जागी आला. देण्याची कथा खरेदीची कथा झाली.

अमेरिकेतच १९३९ साली याहून बोलके उदाहरण घडले. व्यापाऱ्यांनी आग्रह धरला की, नाताळाच्या खरेदीचा हंगाम लांबावा म्हणून ‘थँक्सगिव्हिंग’चा सण आठवडाभर अलीकडे आणावा, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो आणला! परमेश्वराचे आभार मानण्याचा दिवस दुकानदारांच्या सोयीने सरकला. १९९३ साली जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने नाताळाच्या भेटवस्तूंचा हिशेब मांडला. त्याने असे दाखविले की, भेटीवर जेवढा पैसा खर्च होतो त्यापेक्षा घेणाऱ्याच्या लेखी तिची किंमत कमी असते, आणि ही तूट खर्चाच्या एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत जाते. ज्या शास्त्राला बाजाराचे वावडे नाही, त्या शास्त्राच्याच तराजूत बाजारी नाताळ हलका भरला.

हे सारे अमेरिकेचे. आपल्या जिल्ह्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. डिसेंबर हा आपल्याकडे कापसाचा महिना. वेचणी चालू असते, गाड्या बाजार समितीच्या दारात उभ्या असतात आणि भावाकडे डोळे लागलेले असतात. याच हंगामाच्या तोंडावर, ऑगस्ट २०२५ मध्ये, केंद्र सरकारने आयात कापसावरील ११ टक्के शुल्क उठविले आणि पुढे ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. याच जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपविले, ही गोष्ट या सभेत कोणाला ठाऊक नाही? २०१७ च्या हंगामात कीटकनाशकांच्या फवारणीने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेही येथेच. अशा जिल्ह्यात नाताळ जेव्हा खरेदीचा सण होतो, तेव्हा शेतमजूर ख्रिस्ती कुटुंबाच्या घरात तो हातउसन्याच्या वाटेने शिरतो. लेकरांना नवे कपडे हवेत, शेजाऱ्याच्या घरावर दिव्यांची माळ लागली म्हणून आपल्याही घरावर हवी, शहरातल्या नातेवाइकांसारखा केक हवा. ज्याला हे जमत नाही तो मनातल्या मनात खजील होतो. ज्या सणाने गरिबाला ताठ मानेने उभे करायचे, तोच त्याला मान खाली घालायला लावतो. माझ्या आक्षेपाचे मूळ येथे आहे.

आता मूळ वृत्तांताकडे वळू. ‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. त्याचा अर्थच जन्म. जन्म कोणाचा आणि कोठे, हे लूकच्या शुभवर्तमानात स्वच्छ लिहिलेले आहे. कैसर औगुस्ताने नावनिशीचा हुकूम काढला. साम्राज्ये माणसे मोजतात ती बहुधा कराच्या वसुलीसाठी. त्या हुकुमापायी एक सुतार आपल्या गरोदर पत्नीला घेऊन परगावी जातो, उतारशाळेत जागा मिळत नाही, आणि बाळाला गुरांच्या गव्हाणीत ठेवावे लागते. पहिली वार्ता पोहोचते ती मेंढपाळांना. आपल्याकडे हिवाळ्यात शेतात मेंढरे बसवीत गावोगाव फिरणारा, ज्याचे घरदार पाठीवर असते तो धनगर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ही निवड किती धाडसाची होती ते कळेल. त्याआधीच मरीयेच्या तोंडी जे स्तोत्र आहे, त्यात भुकेल्यांची तृप्ती होते, धनवान रिक्त हाताने परततात आणि अधिपती आसनांवरून खाली येतात. मत्तयाच्या वृत्तांतात हे कुटुंब हेरोद राजाच्या भयाने मिसर देशात पळून जाते. कर, बेघरपणा, स्थलांतर, राजसत्तेची दहशत: एवढे सारे एका जन्मकथेत आहे. ही कथा बाजूला सारून तिच्या जागी तांबड्या टोपीचा विक्रेता बसविणे, याला पुरोगामित्व म्हणावे काय?

ख्रिस्ती बांधवांच्या दृष्टीने ती केवळ कथाही नव्हे. देवाने माणसाचे रूप घेतले आणि त्यासाठी दरिद्र्याचे घर पसंत केले, ही त्यांची श्रद्धा आहे. मला ती श्रद्धा लाभलेली नाही. परंतु तिचा सामाजिक आशय ओळखण्यात मला अडचण वाटत नाही. ज्याचा देव गव्हाणीत जन्मला, त्याला दारिद्र्याची लाज वाटण्याचे कारण उरत नाही आणि दरिद्र्याला तुच्छ लेखण्याची सवलतही त्याला मिळत नाही. श्रद्धा मध्यभागी ठेवायची तर या दोन्ही बाजू ठेवाव्या लागतात.

आपल्या जिल्ह्याच्या ख्रिस्ती इतिहासात याला मोठा आधार आहे. अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे दांपत्य १८८१ साली भारतात आले. यवतमाळच्या फ्री मेथडिस्ट मिशनच्या उभारणीत त्यांचे नाव आरंभीचे आहे. पांढरकवड्याजवळच्या उमरीचे रुग्णालय याच परंपरेतले. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळातच सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत देशभरातील विद्यार्थी या गावात येत होते. पण ‘फ्री’ या शब्दाचा इतिहास आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? १८६० साली अमेरिकेत ही मंडळी वेगळी निघाली, तेव्हा वादाचे दोन मोठे मुद्दे होते. एक गुलामगिरीचा. दुसरा चर्चमधल्या बाकांचा: त्या काळी बाके भाड्याने दिली जात; पैसेवाल्याला पुढची जागा, गरिबाला मागची किंवा कोठलीच नाही. बी. टी. रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले की, गुलामगिरी पाप आहे आणि देवाच्या घरात बाकाला भाडे नसावे. म्हणून ते ‘फ्री’. साधी राहणी आणि साधा पोशाख हा त्यांचा नियम होता. याच रॉबर्ट्स यांनी १८८६ साली पैसा या विषयावर सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिले. त्या धर्मोपदेशकाला बाजाराकडे डोळेझाक करून भक्ती करता येत नव्हती.

तेव्हा पाळकसाहेब, एक प्रश्न आदरपूर्वक विचारतो. बाकांचे भाडे गेले. पण नाताळाच्या व्यासपीठासमोर देणगीदारांसाठी आणि पुढाऱ्यांसाठी गाद्यांच्या खुर्च्या मांडल्या जातात, त्या भाड्याच्या बाकांहून किती वेगळ्या? आणि गव्हाणीपुढे सगळे सारखे म्हणणाऱ्या मंडळीत लग्न जमविताना पूर्वाश्रमीची जात विचारली जात असेल, तर तेथे मध्यभागी ख्रिस्त आहे की जात?

श्रद्धा मध्यभागी ठेवायची म्हणजे ती परकीय वेषातच ठेवायची असेही नाही. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत नवा करार मिळाला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती उपासनेला त्यांनी अभंग दिला, भजन दिले. १९१७ साली काढलेल्या ‘देवाच्या दरबारा’त त्यांनी बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोहोंना जागा ठेवली. टाळ-मृदंगाला वीज लागत नाही आणि अभंगाला खर्च येत नाही. कर्ज काढून सण करू नका, हे तर याच वऱ्हाडात गाडगेबाबा हातात खराटा घेऊन सांगत हिंडले. टिळकांचा अभंग आणि बाबांचा खराटा एवढ्यावर कोणत्याही खेड्यातला नाताळ थाटात होऊ शकतो.

आमच्या मित्रांची एक शंका मला ऐकू येते: श्रद्धेवर भर दिला की जमातवाद वाढेल. शंका खोटी नाही. धर्माच्या नावाने शक्तिप्रदर्शन करणारे सर्व धर्मांत आहेत आणि आपण त्यांच्याशी लढतो आहोत. पण श्रद्धा आणि शक्तिप्रदर्शन या दोन गोष्टी आहेत. उद्या २४ डिसेंबर, साने गुरुजींचा जन्मदिवस. गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरला प्राण पणाला लावले ते कशासाठी? विठ्ठल निरर्थक आहे, असे त्यांनी म्हटले नाही. विठ्ठल खरा असेल तर दार सर्वांना उघडे असले पाहिजे, असे ते म्हणाले. श्रद्धेचा गाभा घट्ट धरल्यामुळेच त्यांना बडव्यांशी झुंजता आले. आणि परवाचा २५ डिसेंबर हा महाडचाही दिवस आहे. १९२७ साली त्याच दिवशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. माणसाला जन्मावरून हीन ठरविणारा ग्रंथ ज्या तारखेला जळाला, त्या तारखेला गोठ्यातल्या जन्माचा उत्सव होतो. आपल्या कार्यकर्त्यांनी या दोन्ही गोष्टी एकाच सभेत सांगाव्यात.

शेवटी करायचे काय, ते थोडक्यात सांगतो.

ख्रिस्ती बांधवांना विनंती अशी: नाताळासाठी एकाही घराने कर्ज काढू नये, असा ठराव मंडळीने करावा आणि वडीलधाऱ्यांनी तो आधी स्वतः पाळावा. उपासनेच्या वेळी कोणाही पुढाऱ्याचा सत्कार नको, आमच्याही नको. प्रीतिभोजनाची पंगत एक असावी आणि तीत पोडावरचे कोलाम, तांड्यावरचे बंजारा आणि शेतमजूर शेजारी पाहुणे म्हणून यावेत. त्या दिवशीच्या अर्पणाचा एक ठरावीक हिस्सा कर्त्या पुरुषामागे उरलेल्या शेतकरी घरांना जावा, निकोलसप्रमाणे, छायाचित्राशिवाय.

कार्यकर्त्यांना विनंती अशी: नाताळाला जा, पण मागच्या बाकावर बसा आणि ऐका. तुमच्या शुभेच्छांचा फलक चर्चच्या दारात लावू नका. केक कापायला येणाऱ्या प्रत्येक लोकप्रतिनिधीला मात्र एक प्रश्न विचारा: १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध दलित समाविष्ट झाले, मग ख्रिस्ती झालेला दलित अजून बाहेर का? याचे उत्तर देण्याची तयारी नसेल त्याने सुरी हातात घेऊ नये.

आणि आपण सर्वांनी, ख्रिस्ती असोत वा नसोत, एवढे ध्यानात ठेवावे की राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्म आचरण्याचे जे स्वातंत्र्य दिले आहे, ते सरकारपासून आणि झुंडीपासून जपायचे आहेच. पण बाजारपेठेपासूनही ते जपावे लागेल. ती दार फोडून आत शिरत नाही. भेटवस्तू घेऊन येते. नाताळाच्या रात्री गव्हाणीपुढे दिवा लावणाऱ्या म्हातारीजवळ विकत घेतलेले काही नसेल, तरी तिचा सण पुरा व्हावा. तसे घडविण्याचे काम मंडळीचे आहे आणि त्यात तिला साथ देण्याचे काम आपले.