हळद, उंदीर आणि आपण



खारघरच्या ॲक्ट्रेकची पूर्वसंस्था असलेल्या कर्करोग संशोधन संस्थेने 1992 मध्ये, हळदीमुळे उंदरांतील जठराच्या गाठी घटतात, असे दाखविले. मोठ्या आतड्यासाठी उंदरांना ॲझॉक्सिमिथेन टोचून, आहारात कर्क्युमिन देऊन, अखेर आतडे तपासतात. 1995 च्या अमेरिकन प्रयोगात गाठी घटल्या. परंतु 2018 च्या चाचणीत आनुवंशिक पॉलिपच्या 44 रुग्णांपैकी ज्यांना वर्षभर रोज 3 ग्रॅम कर्क्युमिन दिले, त्यांचे पॉलिप इतरांहून कमी झाले नाहीत. नमुना सरस म्हणून ताका तसाच निघेल, याची खात्री आम्हां कापडवाल्यांनाही नसते!

मग ते जीव व्यर्थ गेले? अपरीक्षित द्रव्य थेट माणसास देणे मला अधिक क्रूर वाटते. तथापि, शक्य तेथे प्राणिप्रयोग टाळावेत, असे 1960 चा कायदाच सांगतो. संशोधनास देणगी देताना आपल्या ट्रस्टने त्याविषयी लेखी विचारणा करावी, अशी माझी सूचना आहे.