पवित्र शास्त्राचे नित्य मनन आणि रुग्णसेवा

(रुग्णालयाच्या वार्षिक दिनी एका निवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपली श्रद्धा रोजच्या जीवनात कशी जगता येते, याविषयी दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा विश्वस्तांनी मला केली. मी धर्मशास्त्राची जाणकार नाही. ३६ वर्षे परिचारिका म्हणून काम केलेली एक कॅथलिक स्त्री, एवढीच माझी ओळख. म्हणून उपदेश न करता मी माझ्या एका सवयीविषयी बोलणार आहे.

माझे बालपण वसईत गेले. घरात सामवेदी बोली, शाळेत मराठी आणि माझ्या अगदी लहानपणी देवळातील मिस्सा लॅटिनमध्ये. सायंकाळी वेदीपुढे गुडघे टेकून आम्ही जपमाळेची प्रार्थना करीत असू. बायबल मात्र आमच्या घरी वाचले जात नसे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मातृभाषेतील उपासनेचे दार उघडले आणि १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात सर्व श्रद्धावंतांना शास्त्राचे वारंवार वाचन करण्याचा आग्रह केला. मराठीला हे कार्य नवे नव्हते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे ११,००० ओव्यांतून मराठीत सांगितलेली बायबलची कथा, म्हणजे 'क्रिस्तपुराण', १६१६ मध्येच गोव्यात छापले गेले होते. आमच्या पिढीच्या हाती फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आले आणि शास्त्र आमच्याशी आमच्याच मराठीत बोलू लागले.

कॅथलिक उपासनेत प्रत्येक दिवसासाठी वाचन नेमून दिलेले असते. रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असते; सामान्य काळातील इतर दिवसांचे शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच परत येते. हे वाचन कसे करावे, याच्या चार पायऱ्या बाराव्या शतकात गिगो नावाच्या एका मठवासीयाने सांगून ठेवल्या आहेत : वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. कामावर निघण्यापूर्वीची पंधरा मिनिटे मी त्यासाठी राखून ठेवीत असे. त्यांपैकी एकाच उताऱ्याची हकिकत आपणांपुढे ठेवते.

दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या काही दिवसांत लूकलिखित शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दृष्टान्त वाचनास येतो. यरुशलेमहून यरीहोस उतरणाऱ्या निर्जन वाटेवर लुटारू एका प्रवाशाला अर्धमेला करून टाकतात. एक याजक येतो, त्याला पाहतो आणि पलीकडच्या बाजूने निघून जातो. लेवीही तसाच जातो. ज्यांच्याशी यहुदी व्यवहार ठेवीत नसत, त्या समाजातील एक शोमरोनी मात्र थांबतो, जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि त्याची काळजी घेतो.

तरुणपणी हा उतारा वाचताना मला अर्थातच मी शोमरोनी वाटत असे. पांढरा गणवेश, हातात मलमपट्टीचा ट्रे. अन्य कोणती भूमिका माझ्या वाट्यास येणार?

पुढे एका रुग्णालयात मी रात्रपाळीस असताना एका मुलाचे वडील कक्षाच्या दाराशी येऊन म्हणाले, "सिस्टर, पोराला एकदा पाहू द्या." भेटीची वेळ टळून गेली होती, दोन रुग्ण गंभीर होते, नोंदवही अपुरी होती. "आता नाही, सकाळी या," असे सांगून मी पुढे गेले. काही वेळाने ते पुन्हा आले. मी पुन्हा तेच सांगितले. पहाटे मुलगा गेला. वडील बाहेरच्या बाकावर बसूनच होते. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही.

त्या वर्षी तो उतारा आला, तेव्हा याजकापाशीच माझी नजर थांबली. याजक दुष्ट होता असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. तो कदाचित कामात असेल. मी नियमाप्रमाणेच वागले होते, आणि पलीकडच्या बाजूनेच गेले होते. त्या दिवशी प्रार्थनेला शब्द सुचले नाहीत. मात्र रात्रपाळी सुरू होण्यापूर्वी दाराशी थांबलेल्या प्रत्येक आप्ताला दोन मिनिटे आत सोडायचे, असा क्रम मी तेव्हापासून ठेवला आणि निवृत्त होईपर्यंत पाळला. त्या वडिलांचे ऋण त्याने फिटले, असे मी मानत नाही.

वॉर्डाची जबाबदारी अंगावर आल्यावर त्याच उताऱ्यात मला उतारशाळेचा रक्षक दिसू लागला. शोमरोनी त्याला दोन दिनार देतो. एक दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन, असे सांगून तो मार्गस्थ होतो. पुढची सेवा रक्षकाने करायची असते. त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. देणगीदार बंधुभगिनींनो, आपण दिलेले दिनार आणि रात्री बेडपॅन उचलणारे आमच्या मावशींचे हात या उतारशाळेत एकत्र येतात. एकाचून दुसऱ्याचे कार्य अपुरे आहे.

निवृत्तीनंतर माझ्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. कूस बदलण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागत होता. त्या आजारपणात तो उतारा वाचला, तेव्हा मी वाटेवर पडलेली होते. या दृष्टान्तात जखमी माणूस एक शब्दही बोलत नाही. आपणांस कोणी उचलावे, हे निवडण्याचा अधिकारही त्याला उरलेला नाही. सेवा करणे मला आयुष्यभर जमले. सेवा घेणे किती कठीण असते, हे मला त्या खाटेवर कळले. येथे जमलेल्या रुग्णांच्या आप्तांना मी एवढेच सांगेन की, आपला रुग्ण कधी चिडला तर त्यामागे बहुधा हेच दुःख असते.

उताऱ्यातील एक अक्षरही बदलले नव्हते. बदलत गेली होती ती माझी जागा. नित्य मननाचा मला उमगलेला अर्थ हाच आहे. दुसऱ्यास ऐकविण्यासाठी वचने गोळा करावीत, असा त्याचा हेतू नाही. आज आपण त्या वाटेवर कोठे उभे आहोत, हे दररोज प्रामाणिकपणे पाहावे आणि त्या दिवसापुरती एक कृती करावी, एवढेच त्यात अभिप्रेत आहे. आपल्यापैकी अनेकांचे धर्मग्रंथ वेगळे आहेत. तरीही आपल्या ग्रंथासमोर रोज पंधरा मिनिटे स्वस्थ बसून पाहावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

या उतारशाळेचे दार रात्रीही उघडे राहो, ही माझी प्रभूचरणी प्रार्थना आहे.