रक्तातील बुरशीचे बदलते स्वरूप

अत्यवस्थ रुग्णाच्या रक्तात बुरशी शिरते ती बहुधा शिरेतील नळीवाटे किंवा त्याच्याच आतड्यातून. पूर्वी या संसर्गास मुख्यत्वे कँडिडा अल्बिकन्स ही जात कारणीभूत असे. फ्लुकोनॅझोलने ती सहसा आटोक्यात येई. आता इतर जातींचे प्रमाण वाढले आहे. २००९ साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात प्रथम आढळलेल्या कँडिडा ऑरिसची २०१३ मध्ये दिल्लीतील रुग्णांच्या रक्तातही नोंद झाली. ती या औषधास बहुधा दाद देत नाही आणि खाटा, उपकरणे यांवर दीर्घकाळ तग धरते. म्हणूनच बुरशीची जात वेळीच ओळखणे, अनावश्यक नळी त्वरित काढणे आणि रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात स्वच्छ करणे अगत्याचे आहे. भेटीस जाणाऱ्या आप्तेष्टांनीही हा नियम पाळावा. रुग्णाच्या प्राणरक्षणास त्यांचाही हातभार लागेल.