डाळ न शिजवणारे पाणी

श्रोतेहो, ज्या गावाला पाण्याने वेढा घातला आहे, त्याच गावाचे नळ कोरडे पडले, असे कुणी सांगितले तर तुम्हाला खरे वाटणार नाही. पण ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या कोल्हापुरात नेमके तसेच घडले. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट धरतात. त्या महापुरात पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. नदीकाठची उपसा केंद्रे बुडाली आणि शहराचा पाणीपुरवठा बंद पडला. मग जो तो घागर घेऊन गल्लीतल्या बोअरकडे धावला.

त्याच दिवसांतली गोष्ट. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "सर, तुम्ही कॉलेजात रसायन शिकवता न्हवं? मग ह्याचं उत्तर द्या. दोनदा कुकर लावला, तरी डाळ शिजंना झालीया. डाळ जुनी म्हणायची का गॅस मंद?"

मी म्हटले, "काकू, डाळ चांगली आहे आणि गॅसही चांगला आहे. बदललंय ते पाणी."

काकूंचा जन्म नदीच्या पाण्यावर गेलेला. त्यांना हे नवे होते. पण शिरोळ-हातकणंगल्याकडच्या मायबहिणींना यात नवल वाटणार नाही. तिकडे पुष्कळ घरांत डाळीचे पाणी वेगळे आणि धुण्याचे वेगळे, अशी वाटणी ठरलेलीच असते. ज्या पाण्याला आपण 'जड' म्हणतो, त्याला शाळेच्या पुस्तकात 'कठीण' किंवा 'दुष्फेन' पाणी म्हटले आहे. दुष्फेन म्हणजे ज्यात साबणाला सहज फेस येत नाही ते.

आता हे पाणी जड कशाने होते ते पाहू. आकाशातून पडते ते पाणी हलकेच असते. वाटेत हवेतला आणि पुढे मातीतला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो आणि ते किंचित आंबट होते. हे आंबट पाणी जमिनीत मुरले, की कातळातून आणि चुनखडीतून कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून घेते. किती घेते, ते पाणी तिथे किती काळ राहिले यावर अवलंबून असते. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. ते पाणी डोंगरावरून धावत नदीला मिळते. खडकाशी बोलायला त्याला फुरसत नसते. म्हणून नदीचे आणि धरणाचे पाणी सहसा हलके असते. बोअरचे पाणी मात्र खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षे मुक्काम करून वर आलेले असते. त्यातून शिरोळकडे पाऊस याच्या दहाव्या हिश्श्याइतका. जमीन धुऊन निघत नाही आणि क्षार साचत जातात.

या पाण्याचे घरातले प्रताप तीन. पहिला साबणाचा. साबण कॅल्शियमशी जुळून न विरघळणारा चिकट साका बनतो. तोच कपड्यावर, केसांवर आणि बादलीच्या काठावर बसतो. पाण्यातला कॅल्शियम संपेपर्यंत साबण असा फुकट जातो, आणि मग कुठे फेस येऊ लागतो.

दुसरा डाळीचा. डाळीच्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. शिजताना हे पेक्टिन सुटते आणि डाळ मऊ होते. पण कॅल्शियम त्याला घट्ट बांधून ठेवतो. म्हणूनच काकूंची डाळ दाताखाली कचकचत राहिली. कुणी यावर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात. डाळ शिजते खरी, पण तिच्यातले ब-१ जीवनसत्त्व बऱ्याच अंशी नष्ट होते. त्यापेक्षा डाळीपुरते नळाचे किंवा पावसाचे पाणी राखून ठेवावे.

तिसरा प्रताप भांड्यांचा. बंबात, गिझरमध्ये, गच्चीवरच्या सौर हीटरच्या नळ्यांत पांढरा थर धरतो. तांब्याच्या मानाने या थरातून उष्णता शंभरपटीहूनही कमी वेगाने जाते. म्हणजे जळण लाकडाचे असो की विजेचे, आपण आधी चुना तापवतो आणि मग पाणी. हा थर चिंचेने किंवा लिंबूसत्त्वाने सुटतो. आपल्या आज्या तांब्याचा हंडा चिंचेने घासत, त्यात चमक तर होतीच, पण हेही शास्त्र होते.

उपाय कोणते? जडपणा दोन प्रकारचा असतो. बायकार्बोनेटचा जडपणा पाणी उकळले की खाली बसतो. त्याला तात्पुरता म्हणतात. सल्फेट आणि क्लोराइडचा उकळूनही जात नाही, तो कायमचा. धुण्याचा सोडा मात्र दोन्ही काढतो, म्हणून कपड्यांसाठी तो उत्तम. अबर्डीनचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये चुन्याच्याच निवळीने पाण्यातला चुना काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. काट्याने काटा काढावा, तसाच तो प्रकार!

तुरटीने पाणी हलके होते असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तुरटी गढूळपणा खाली बसवते. जडपणा कमी होत नाही, उलट तात्पुरत्यातला काही कायमचा होऊन बसतो. टीसीएल पावडर जंतू मारते. जडपणाशी तिचा संबंध नाही. ज्याचे काम त्यानेच करावे, हे पाण्याच्या बाबतीतही खरे.

आता मुख्य मुद्दा. जड पाण्याचा हा त्रास खरा, पण त्याची भीती मात्र वाजवीपेक्षा फार मोठी झाली आहे. "ह्या पाण्यानं मुतखडा होतो," असे जो तो म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने पुराव्यांचा आढावा घेतला आहे. पाण्याच्या जडपणाने माणसाला अपाय होतो, असा खात्रीचा पुरावा तिला आढळलेला नाही. मुतखड्याची मोठी कारणे म्हणजे पाणी कमी पिणे, उन्हातले कष्ट, आहार आणि घराण्यातला कल. ज्यांना एकदा खडा होऊन गेला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारावे हे बरे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरे पाणीच मिळत नसेल, तर ६०० पर्यंत चालतो.

या भीतीवर धंदाही चालतो. एक विक्रेता आमच्या घरी आला होता. त्याने दोन पेल्यांत पाणी घेतले, एकात आमच्या बोअरचे आणि एकात त्याच्या यंत्राचे. दोन्हींत सळ्या सोडून वीज लावली. आमचे पाणी बघता बघता तांबडे-काळे झाले, त्याचे जसेच्या तसे राहिले. घरातली मंडळी घाबरली. मी त्याला म्हटले, "बाबा रे, हा तर तुझ्या सळीचा गंज!" क्षारांच्या पाण्यातून वीज वाहते, त्याने लोखंडाची सळी झिजते आणि तोच रंग पाण्यात उतरतो. यंत्राच्या पाण्यात क्षारच नाहीत, म्हणून वीज वाहत नाही. चिमूटभर मीठ टाका, म्हणजे तेही तांबडे होईल. मीठ टाकायला तो काही तयार झाला नाही. अशी यंत्रे फार खारट पाण्याला उपयोगी पडतात, हे मान्य. पण पेलाभर पाणी देताना ती बहुधा दोन-तीन पेले मोरीत सोडतात, हेही लक्षात ठेवा.

खरा धोका आहे तो निराळाच. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. काविळीच्या विषाणूला पाण्याचा जडपणा लागत नाही, त्याला लागते मैला मिसळलेले पाणी. असे पाणी हलके असू शकते, नितळ दिसू शकते, साबणाला छान फेस देऊ शकते. साबणाचा फेस ही शुद्धतेची खूण नव्हे. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीचे पाणी थेट नळाने कोल्हापूरला पोचले, ही मोठीच सोय झाली. पण घरातला पिंप उघडा आणि नळाची जोडणी गटारातून गेलेली असेल, तर धरणाच्या पाण्यानेही भागणार नाही. भीती बाळगायचीच असेल, तर ती गळक्या नळाची बाळगा.

जाता जाता शिक्षकांना एक विनंती. तीन सारख्या बाटल्यांत तितकेच पाणी घ्या. एकीत पावसाचे, दुसरीत नळाचे, तिसरीत बोअरचे. साध्या साबणाचा कीस पावसाच्या पाण्यात विरघळवा. डिटर्जंट नको, त्याला जड पाण्यातही फेस येतो. हे द्रावण थेंबाथेंबाने घाला, दर वेळी बाटली हलवा, आणि दोन मिनिटे टिकणारा फेस यायला किती थेंब लागले ते मुलांना मोजू द्या. मग त्यांना विचारा, "यातलं पिण्यालायक कुठलं?" मुले ताबडतोब फेसाच्या बाटलीकडे बोट दाखवतील. तिथेच थांबवा आणि सांगा, की ते या प्रयोगातून कळत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत धाडावा लागतो. गावच्या जलसुरक्षकाकडून तो धाडता येतो. वर्गातून त्याच्याकडे एकदा जाऊन या. मुलांना जड आणि अशुद्ध यांतला फरक तेवढ्याने जन्मभर पुरेल.

काकूंनी दुसऱ्या दिवशी पागोळीखाली पातेले लावले. छप्पर धुऊन गेल्यानंतरचे पाणी धरले, गाळले, उकळले आणि त्यात डाळ टाकली. एका कुकरात शिजली. वाटीभर आमटी आमच्याकडेही आली.