हिमकणांचें रूपदर्शन

सौंदर्य टिकाऊ असावें, अशी माणसाची स्वाभाविक इच्छा असते. म्हणून तो दगडाचीं देवळें बांधतो, धातूच्या मूर्ति ओततो आणि रंगविलेलीं चित्रें चौकटींत जपून ठेवतो. निसर्गाचा व्यवहार याच्या अगदीं उलट आहे. आपलें सर्वांत नाजूक काम तो अशा द्रव्यांत करतो कीं, पाहणाऱ्याचा श्वास लागतांच तें नाहींसें व्हावें. हिमवृष्टींत पडणारा बर्फाचा कण हें याचें उत्तम उदाहरण होय. महाराष्ट्रांतल्या माणसाला हा कण सहसा पाहावयास मिळत नाहीं. पण ज्यांच्या दारांत तो दरसाल खंडोगणती पडतो, त्यांनाही तो क्वचितच दिसतो. सकाळीं उठून फावड्यानें ओढून टाकावयाची एक अडचण, एवढीच त्यांची त्याच्याशीं ओळख! ही ओळख बदलावी म्हणून एका शेतकऱ्यानें आपलें सारें आयुष्य वेंचलें. त्याचें नांव विल्सन बेंटली.

व्हरमाँट हें अमेरिकेच्या ईशान्य भागांतील, कॅनडाच्या सरहद्दीला लागून असलेलें डोंगराळ राज्य. तेथील जेरिको नांवाच्या खेड्यांत १८६५ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत बेंटलीचा जन्म झाला. घरीं गाईंचा गोठा होता, दुधाचा धंदा होता आणि हिवाळ्यांत महिनेच्या महिने बर्फ होतें. आई पूर्वीं शिक्षिका होती. चौदा वर्षांचा होईपर्यंत मुलाचें शिक्षण तिनेंच घरीं केलें; आणि शाळेंत वापरलेलें आपलें एक जुनें सूक्ष्मदर्शक यंत्र तिनें पुढें त्याच्या हातीं दिलें. बरोबरीचीं मुलें गलोली घेऊन हिंडत असतां हा मुलगा पाण्याचा थेंब, पांखराचें पीस, फुलाची पाकळी असें जें सांपडेल तें भिंगाखालीं धरून पाहूं लागला. एके दिवशीं त्या भिंगाखालीं एक हिमकण आला, आणि त्या दिवसापासून त्याचें चित्त दुसरीकडे रमलें नाहीं.

त्याला काय दिसलें? सहा पाकळ्यांचें एक निर्मळ फूल, आणि प्रत्येक पाकळीवर पुन्हां बारीक नक्षी. पाण्याचे सूक्ष्म रेणु गोठतांना एकमेकांशीं षट्कोनी रचनेनेंच सांधले जातात, म्हणून हिमकणाच्या ठायीं सहाच्या आंकड्याचें राज्य असतें. परंतु हा नियम एक असला तरी त्यांतून निघणारे आकार असंख्य. कोणी साध्या षट्कोनी तबकडीसारखा, कोणी तारकेसारखा, कोणी नेच्याच्या पानांच्या झुपक्यासारखा. बेंटलीनें हे आकार कागदावर उतरविण्याचा प्रयत्न केला. पण हात चालावयास लागतो न लागतो तोंच समोरचें चित्र वितळून जाई. तो कण गेला कीं तो आकारही गेला. त्याची दुसरी प्रत जगांत कोठेंही नाहीं, ही जाणीव त्याला अस्वस्थ करूं लागली. सौंदर्य पाहिल्याच्या आनंदापेक्षां तें हातून निसटल्याची हळहळच मोठी होती.

या हळहळींतूनच पुढचा मार्ग निघाला. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडला तर क्षणाचें चित्र कांचेवर धरतां येईल, असें त्याच्या वाचनांत आलें. अशा साहित्याची किंमत सुमारें शंभर डॉलर होती. शेतकरी कुटुंबाच्या त्या काळच्या हिशेबानें ही रक्कम लहान नव्हे. वडिलांना तर बर्फाच्या कणांचा हा सारा खटाटोप वेडगळपणाचा वाटे. तरीही त्यांनीं पैसे दिले. यंत्र आलें, पण तें कसें चालवावें हें सांगणारा त्या खेड्यांत कोणीही नव्हता. कांचेमागून कांच बिघडत गेली. अखेर १५ जानेवारी १८८५ या दिवशीं एका हिमकणाचें स्वच्छ छायाचित्र उमटलें. तेव्हां बेंटली विसाव्या वर्षांत होता.

हें काम किती कष्टाचें होतें, याची कल्पना उष्ण देशांतल्या माणसाला येणें कठीण आहे. खोलींत शेगडी पेटवावयाची नाहीं. कारण ऊब आली कीं चित्राचा विषयच नाहींसा होणार. घराच्या मागच्या थंडगार पडवींत उभें राहून तो दारांतून काळी फळी बाहेर धरी. तिच्यावर कण पडले कीं, नुसत्या डोळ्यांनीं पाहून त्यांतला एखादा निवडी, लांकडाच्या बारीक काडीनें हलकेच उचलून कांचेच्या पट्टीवर ठेवी आणि पांखराच्या पिसानें अलगद दाबून बसवी. हें सर्व श्वास रोखून. पुढें ती पट्टी कॅमेऱ्यापुढें ठेवून खिडकींतून येणारा आकाशाचा प्रकाश तिच्या आरपार जाऊं द्यावयाचा. कारण हिमकण हा मुळांत पांढरा नसून कांचेसारखा पारदर्शक असतो. भिंगाचें छिद्र अगदीं लहान ठेवल्यामुळें कांहीं सेकंदांपासून मिनिटा-दीड मिनिटापर्यंत प्रकाश घ्यावा लागे. कॅमेरा इतका लांब कीं, मागें उभें राहून भिंगापर्यंत हात पोंचत नसे. त्यासाठीं त्यानें दोरी आणि चाक यांची एक युक्ति केली होती. अशा रीतीनें सेहेचाळीस हिवाळ्यांत त्यानें पांच हजारांहून अधिक छायाचित्रें घेतलीं.

मग उन्हाळा आला म्हणजे हा मनुष्य काय करीत असे? त्याचा विषय एकच होता, आणि तो म्हणजे पाणी. ऋतु बदलला कीं पाणी आपला वेष बदलतें, एवढेंच. हेमंताच्या सुरुवातीस तो गवताच्या पात्यांवरील दंवाचे स्फटिक टिपी. ऐन थंडींत खिडक्यांच्या तावदानांवर गोठलेल्या वेलबुट्ट्या टिपी. उन्हाळ्याच्या पहांटे कोळ्याच्या जाळ्यावर ओंवलेले दहिंवराचे मणी टिपी. पावसाळी दिवसांत त्याच्या हातीं कॅमेऱ्याऐवजीं पिठाची परात असे. चाळलेल्या पिठाचा सुमारें इंचभर थर परातींत पसरून ती तो क्षणभर पावसांत धरी. प्रत्येक थेंबाची पिठांत एकेक गोळी बनून राही. त्या गोळ्या सुकल्यावर मोजून थेंबांचें आकारमान तो ठरवी. सर्वांत मोठे थेंब सुमारें पाव इंचाचे भरले. घरच्या परातीवर केलेल्या या प्रयोगांतून त्यानें एक मोठें अनुमान काढलें: पावसाचे कित्येक थेंब आकाशांत उंचावर बर्फाच्या रूपानें जन्मतात आणि खालीं येतांयेतां वितळतात. १९०४ सालीं हें संशोधन हवामानशास्त्राच्या एका मासिकांत प्रसिद्ध झालें. परंतु त्याचें खरें मोल ओळखण्यास शास्त्रज्ञांना कित्येक वर्षें लागलीं.

छायाचित्रांच्या वांट्याला मात्र कीर्ति आली, आणि कीर्तीबरोबर आक्षेपही आले. कांचेवर काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसणारे ते शुभ्र कण पाहून जवाहीर आणि वस्त्रकार यांना नव्या नक्षीचा खजिना सांपडला. पण एका जर्मन हवामानशास्त्रज्ञानें असें म्हटलें कीं, हीं चित्रें फार देखणीं आहेत, आणि म्हणूनच तीं पुरतीं खरीं नाहींत. निसर्गांत पडणारे बहुतेक कण वेडेवांकडे, मोडके, एकमेकांस चिकटलेले असतात. बेंटली मात्र रेखीव तेवढेच दाखवितो. शिवाय तो चित्राची पार्श्वभूमी चाकूनें खरवडतो. या आक्षेपांत तथ्य नव्हतें असें नाहीं. मूळ कांच तशीच ठेवून तिच्या प्रतीवर कणाभोंवतालचा भाग तो खरवडून काढीत असे, म्हणजे छापील चित्रांत पार्श्वभूमि काळी येई. कणाच्या आकारांत आपण फेरफार करीत नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें.

हा वाद केवळ दोघांचा नव्हता. निसर्गाचें छायाचित्र घेणाऱ्या प्रत्येकापुढें तो उभा राहतो. ऐन शरदांतलें निळें आकाश टिपावयाचें आणि त्याच डोंगरावरचा वैशाखांतला वणवा वगळावयाचा, हें सत्य कीं असत्य? निवड केल्यावांचून चित्रच होत नाहीं. परंतु निवडलेलें तेवढेंच निसर्ग आहे, असा भास निर्माण झाला म्हणजे चित्र खोटें बोलूं लागतें. बेंटलीच्या संग्रहाचें महत्त्व यासाठीं कीं, त्याच्या सुंदर चित्रांमागें वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या. कोणत्या दिवशीं, किती थंडींत, वादळाच्या कोणत्या भागांत कोणता आकार पडला, हें तो लिहून ठेवी. सौंदर्यानें त्याला मोहविलें खरें, पण त्या मोहानें त्याची जिज्ञासा झोंपीं गेली नाहीं.

कोणतेही दोन हिमकण सारखे नसतात, ही सर्वतोमुखीं झालेली समजूत मुख्यतः त्याच्याच चित्रांनीं रुजविली. अगदीं लहान, साधे कण एकमेकांसारखे असूं शकतात, हें आज मान्य आहे. मोठ्या, नक्षीदार कणांच्या बाबतींत मात्र त्याचें म्हणणें व्यवहारतः खरेंच ठरलें आहे. ढगांतून खालीं येतांना प्रत्येक कण वेगळ्या थंडींतून व वेगळ्या ओलाव्यांतून जातो, आणि त्या प्रवासाची खूण आपल्या पाकळ्यांवर घेऊन उतरतो.

शेजाऱ्यांना बेंटली अखेरपर्यंत थोडा चक्रमच वाटला. त्यानें लग्न केलें नाहीं. दिवसा गाईंचें दूध काढलें, शेत केलें आणि बर्फ पडूं लागलें कीं पडवी गांठली. चित्रांच्या कांचेच्या पट्ट्या तो पांच सेंटांना एक अशा दरानें शाळांना व अभ्यासकांना देई. इतक्यांत संपत्ति कोठून येणार? १९३१ सालीं त्याच्या निवडक २४०० हून अधिक चित्रांचा ग्रंथ हवामानखात्यांतील शास्त्रज्ञ हम्फ्रीज यांच्या सहकार्यानें प्रसिद्ध झाला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, बर्फाच्या वादळांतून पायीं घरीं आल्यावर, त्याला न्यूमोनिया झाला आणि २३ डिसेंबर १९३१ रोजीं, ऐन हिवाळ्यांत, त्याचा अंत झाला.

पण काम तेथें थांबलें नाहीं. जपानांतील होक्काइदो बेटावर उकिचिरो नाकाया या पदार्थविज्ञानवेत्त्यानें बेंटलीचीं चित्रें पाहिलीं आणि त्याच्या मनानें हाच विषय घेतला. १९३६ सालीं थंड केलेल्या प्रयोगशाळेंत, सशाच्या एका केंसावर, त्यानें माणसाच्या हातचा पहिला हिमकण वाढविला. शून्याखालीं पंधरा अंशांच्या आसपास तारका व नेच्यासारखे कण, तर पांच अंशांच्या आसपास सुयांसारखे व खांबांसारखे कण बनतात, हें त्याच्या प्रयोगांनीं दाखवून दिलें. ज्या आकारांकडे बेंटली विस्मयानें पाहत राहिला, ते वाचावयाचे कसे, हें नाकायानें शिकविलें. पण वाचण्यापूर्वीं तीं अक्षरें कोणीतरी जपून ठेवावयास हवीं होतीं.

महाराष्ट्रांत बर्फ पडत नाहीं, म्हणून ही गोष्ट परकी मानण्याचें कारण नाहीं. वैशाखाच्या अखेरीस वळवाचा पहिला टपोरा थेंब तापल्या अंगणांत पडतो. ज्या उंच ढगांतून तो येतो, त्यांचे माथे त्या उन्हाळ्यांतही बर्फाचेच असतात, आणि असे टपोरे थेंब बहुधा तेथल्याच वितळलेल्या बर्फाचे असतात. क्वचित् तें बर्फ न वितळतां गारांच्या रूपानें अंगणांत येतें. पुढें मार्गशीर्षांतल्या पहांटे त्याच अंगणांतल्या गवतावर दंव उतरतें आणि ऊन चढण्यापूर्वीं नाहींसें होतें. तें पाहण्यास जेरिकोला जावें लागत नाहीं. पिठाची परात प्रत्येक घरीं आहे. कॅमेराही आतां दुर्मिळ राहिलेला नाहीं. दुर्मिळ आहे ती त्या शेतकऱ्याची सवय: दारांत रोज येणाऱ्या वस्तूकडे, ती आहे तोंवर, श्वास रोखून पाहण्याची.