हौजीची रात्र आणि जागेची निवड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई मला म्हणाल्या, "दरवर्षी तुम्ही सतरंज्या घालता, चहाचे पाहता, यंदा चार शब्द बोलाही." मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मोठ्या विषयाला हात घालणे माझ्याच्याने व्हायचे नाही. पण यंदा कोजागिरीला हौजी कोठे खेळायची, यावर आपल्यात महिनाभर जो खल चालला आहे, त्यावर मला थोडे सांगायचे आहे. सतरंजी घालणाऱ्या बाईला जागेचे गुणदोष सगळ्यांच्या आधी कळतात, एवढाच माझा अधिकार.

हौजीला कोणी तांबोला म्हणतात, विलायतेत बिंगो म्हणतात. मूळचा हा इटलीतल्या जुन्या सोडतीच्या जातीचा खेळ. गोऱ्या पलटणींतून तो आपल्याकडच्या क्लबांत आणि जिमखान्यांत आला, आणि तेथून हळूहळू आपल्या गणेशोत्सवात नि महिला मंडळांत येऊन बसला. इंग्लंडात १९६० साली कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून बिंगोचे मोठमोठे हॉल निघाले. टीव्ही आल्यामुळे ओस पडू लागलेल्या सिनेमाच्या थिएटरांत हे हॉल थाटले गेले. तेथे गर्दी बायकांचीच असे. दिवसभर राबलेल्या बाईला संध्याकाळी मैत्रिणींबरोबर बिनघोर बसता येईल अशी जागा तोवर तिला कोठे होती? तेव्हा बाईला चार घटका घराबाहेर बसायला जागा हवी असते, ही गोष्ट काही माळशिरसचीच नाही.

आता कोणी म्हणेल, रात्री बायका बाहेर बसून खेळतात, हे काय नवे खूळ? अहो, यात नवे काय आहे? मंगळागौरीला आपण रात्रभर झिम्मा-फुगडी खेळत होतो. कोजागिरीला तर जागायचे आणि सोंगट्या-फासे खेळायचे, असा व्रताचाच भाग सांगितला आहे. तेव्हा खेळ आणि जागरण दोन्ही आपली जुनीच. फरक एवढाच, की मंगळागौर नव्या सुनेची, हळदीकुंकू सवाष्णीचे. ज्या बहिणीचे कुंकू देवाने नेले, तिने त्या दिवशी आतल्या खोलीत पोळ्या लाटायच्या. हौजीचे तिकीट मात्र कोणाच्या कपाळाकडे पाहत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी विधवा प्रथेविरुद्ध खटपट चालविली. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारनेही इतर गावांनी तसेच करावे म्हणून परिपत्रक काढले. ठराव कागदावर राहतो. पंगतीला बसवले म्हणजे तो खरा होतो. म्हणून जागा निवडताना माझा पहिला प्रश्न हा, की तेथे आपल्यातली प्रत्येक बाई येऊन पुढच्या सतरंजीवर बसेल का?

घरोघरी जागा करायची म्हटले, तर ती यायची नाही. दुसऱ्याच्या देवघरासमोरून जाताना तिचा पाय अडखळतो. देवळाच्या सभामंडपातही काहींना संकोच वाटतो, आणि दिवसांच्या अडचणीत असलेली मुलगी तर उंबऱ्यातूनच परत फिरते. म्हणून जागा सर्वांची हवी. शाळेचा हॉल किंवा मंडळाची खोली असावी.

दुसरी गोष्ट, जागामालकाचा हात खेळात नसावा. आपल्याकडे "आकडा" म्हटले की घरातली म्हातारी माणसे दचकतात, आणि त्यांचे चुकत नाही. मुंबईत कापसाच्या भावांवर पैजा लागत, त्यातून १९६० नंतरच्या काळात मटका फोफावला आणि त्या आकड्याने खेडोपाडीच्या कित्येक संसारांची भांडी मोडीत घातली. जुगाराचा कायदा आपल्याकडे १८८७ पासून आहे, आणि जो आपली जागा देऊन खेळातून स्वतःचा फायदा काढतो, त्याच्यावर त्या कायद्याचा खास डोळा आहे. गोव्यात कॅसिनोला परवानगी आहे, मांडवी नदीत बोटी उभ्या असतात. पण आपल्याला गोव्याची बरोबरी करायची नाही. "भाडे नको, तिकिटामागे काहीतरी द्या," असे जो म्हणेल, त्या जागेला लांबूनच नमस्कार करावा. माझी तर सूचना अशी, की तिकिटाला पैसेच नकोत. प्रत्येकीला एकच तिकीट, फुकट. बक्षिसे वर्षाच्या वर्गणीतून घ्यावी: एखादा डबा, पातेले, गाळणी, आणि फुल हाऊसला साडी. मग उधारी नाही, "आणखी एक तिकीट द्या" हा मोह नाही, आणि घरी कोणी हिशेब विचारला तर मान खाली घालायला नको.

तिसरी गोष्ट, रस्ता. पालखी मार्ग आता रुंद झाला, गाड्या वाऱ्यासारख्या जातात. रस्त्याच्या पलीकडच्या कार्यालयाची शोभा मोठी, पण रात्री दहा वाजता म्हाताऱ्या बाईला तो ओलांडून कोण आणणार? कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात येतात. मागे दिवा असला तर नशीब. काही जणी अकलूजच्या हॉटेलात जाऊ म्हणतात. हौस चांगली आहे. पण गाडीभाडे परवडेल तेवढ्याच जणी जातील, आणि बाकीच्या दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर नुसत्या गोष्टी ऐकतील. चालत जाऊन चालत परत येता येईल तीच आपली जागा. निघताना वाड्यावस्त्यांप्रमाणे चार-चार जणींचा घोळका करावा आणि शेवटची बाई घरात शिरल्याचा फोन येईपर्यंत चिटणीसबाईंनी झोपू नये.

चौथी गोष्ट बोलायला बायका लाजतात, म्हणून मीच बोलते. संडास पाहावा. दिवसा जाऊन, कडी लावून, पाणी सोडून पाहावा. एकदा आपण एका जागी गेलो होतो. जागेचे नाव घेत नाही. झुंबरे काय, आरसे काय! संडासाला मात्र कुलूप, आणि किल्ली असलेला माणूस गावाला गेलेला. पहिल्या तासातच निम्म्या बायका चुळबुळू लागल्या, आणि फुल हाऊस होण्याआधी हॉल निम्मा रिकामा झाला. झुंबरापेक्षा कडी महत्त्वाची, हे मी त्या दिवशी गाठीला बांधले. वीज गेली तर कंदील किंवा इन्व्हर्टर आहे का, हेही त्याच फेरीत विचारून घ्यावे.

पाचवी गोष्ट ऐकू येण्याची. काही हॉलांत आवाज असा घुमतो, की "सत्तावीस" म्हटले की "सदतीस" ऐकू येते, आणि भांडण ठरलेले. म्हणून जागा ठरवण्यापूर्वी एकीने पुढे उभे राहून आकडे म्हणावे आणि दुसरीने अगदी मागे बसून ऐकावे. आकडा दोनदा पुकारावा आणि फळ्यावर लिहावा. हल्ली मोबाइलवर आकडे निघतात; पण पिशवीत हात घालून सोंगटी काढली की सगळ्यांना दिसते, शंकेला जागा उरत नाही. तिकीटही नव्या बायकांना आधी समजावून द्यावे. तीन आडव्या ओळी, नऊ उभे रकाने, प्रत्येक ओळीत पाच आकडे, मिळून पंधरा. पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, असे करीत शेवटच्यात ८० ते ९०. एवढे कळले की आकडा सगळ्या तिकिटावर शोधावा लागत नाही, एकाच रकान्यात पाहिला की झाले. आपल्यातल्या ज्या आजींना अक्षर येत नाही, त्यांनाही एस. टी.च्या नि नोटांच्या सवयीने आकडे ओळखता येतात. त्यांच्याजवळ एक शाळकरी मुलगी बसवावी. दोघींचे एकदम झाले तर बक्षीस कसे वाटायचे, हेही खेळाआधीच जाहीर करावे.

पुकारणारी मात्र आपल्यातलीच असावी. भाड्याचा माइकवाला बायकांची थट्टा करून हशा मिळवतो, ते आपल्याला नको. आपणच आकड्यांना नावे ठेवू. पंढरीची एकादशी म्हणजे अकरा, महादेवाचे सोमवार सोळा, गणपतीच्या दूर्वा एकवीस, विठोबा विटेवर उभा अठ्ठावीस, आणि महाराष्ट्र राज्याचे साल साठ! पाहा, हसायला परक्याची गरज पडते का?

मैत्रिणींनो, एवढी छाननी कशासाठी, असे तुम्हाला वाटेल. एका रात्री काही वावगे झाले, कोणी पडली, कोणाचे पैसे गेले, कोणाला वाईट शब्द ऐकावा लागला, तर दार एकीचेच बंद होत नाही. "बघितलंस ना, काय झालं ते?" या एका वाक्याने घराघरांतल्या बायकांची ती संध्याकाळ जाते, आणि गेलेली परवानगी परत मिळवायला वर्षे लागतात. उलट एक रात्र नीट पार पडली, की पुढच्या वर्षी सासूबाईच सुनेला म्हणतात, "चल गं, उशीर होईल."

म्हणून माझे मत शाळेच्या हॉलला. तो गावात आहे, तेथे कोणाला मज्जाव नाही, आणि मधल्या अंगणातून चंद्र दिसतो. मसाल्याचे दूध मी आटवीन. सतरंज्याही मीच घालीन. मात्र यंदा पहिल्या ओळीतल्या सतरंजीवर कोणाला बसवायचे, ते मी आधीच ठरवले आहे.