हिरवळ लावताय? हरळीकडे बघा

कर्जत-खालापूरकडे शेतघर बांधलं की अंगणात हिरवळ हवीच. मग कुणी हौसेनं थंड हवेच्या गवताचं, फेस्क्यूचं नाहीतर रायचं, बी आणतं. हे गवत सुमारे 15 ते 24 अंशांत खुलतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. हिवाळ्यात ते छान दिसेलही, पण उन्हाळ्यात करपतं आणि त्यातून वाचलंच तर पावसात कुजतं.

आपलं काटक गवत म्हणजे हरळी. महडच्या वरदविनायकाला वाहतात ती दूर्वा हीच, आणि भातखाचरात शेतकरी जिच्या काशा वेचून वैतागतो तीही हीच! जगभर गोल्फच्या मैदानांवर हिलाच बर्म्युडा म्हणतात.

लावताना खरी काळजी पाण्याच्या निचऱ्याची. जमिनीला घरापासून दूर हलका उतार द्या, डबकं साचू देऊ नका. जूनच्या पहिल्या सरींनंतर काशांचे तुकडे वीतभर अंतरावर टोचा. मुसळधार पाऊस चालू असताना युरिया टाकू नका, तो वाहून जातो. कापताना एका वेळी पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशच भाग काढा, तोही गवत कोरडं असताना. उन्हाळ्यात रोज नुसतं शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड सकाळी भरपूर पाणी द्या, म्हणजे मुळं खोल जातात.

आंब्याखालच्या सावलीत मात्र हरळी विरळ होते. तिथं रुंद पानांचं कार्पेट गवत लावा.